‘सर्व्हर डाऊन आहे’ असे सांगितले तर : अर्ज किंवा हप्ता नेमका कुठे अडकला आहे ते ओळखा

ग्राम वन केंद्रात, रेशन दुकानात, नाडकचेरीत किंवा बँकेत हे वाक्य तुम्ही ऐकलेच असेल : ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ काही वेळा ते अगदी खरे असते. काही वेळा सर्व्हर चालू असतो, पण त्याच्यापुढे इतके काम साचलेले असते की तुमचा नंबर यायला दिवस लागतात. आणि काही वेळा सर्व्हरचा संबंधच नसतो. अर्जातले नाव जुळत नाही किंवा खाते आधारला जोडलेले नाही, म्हणून अर्ज बाजूला पडलेला असतो. कितीही दिवस थांबले तरी तो आपणहून पुढे सरकणार नसतो.

या तिन्ही गोष्टी लोक एकाच नावाने सांगतात, ही खरी अडचण आहे. पहिल्या दोन प्रकारांत थोडे थांबणे हाच उपाय असतो. तिसऱ्या प्रकारात थांबलात, तर एकेक महिन्याचा हप्ता हातचा जातो. आपला प्रकार कोणता हे घरबसल्या किंवा केंद्रावर दोन-चार प्रश्न विचारून कसे ओळखायचे, ते येथे सांगितले आहे.

माहिती मुख्यतः कर्नाटकात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आहे : बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदर, कारवार या भागांतील आणि बेंगळुरूत कामासाठी आलेल्या. त्यामुळे उदाहरणे गृहलक्ष्मी, गृहज्योती, अन्नभाग्य या योजनांची आहेत. महाराष्ट्रातल्या योजनांची नावे आणि कार्यालये वेगळी असली, तरी पैसे खात्यावर येण्याची वाट तीच आहे.

काम साचते म्हणजे काय होते?

पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. गिरणी तासाला 10 डबे दळते. दिवाळीच्या आधी तासाला 14 डबे येऊ लागले, तर दर तासाला 4 डबे शिल्लक राहतात. पाच तासांनी 20 डबे रांगेत असतात. त्यानंतर एकही नवीन गिऱ्हाईक आले नाही, तरी रांग संपायला आणखी दोन तास लागतात. मध्येच तासभर वीज गेली, तर त्या तासाचे सगळे डबे रांगेत वाढतात. वीज आली म्हणजे तुमचे पीठ तयार झाले असे होत नाही.

सर्व्हरचेही तसेच आहे. तो बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी मधल्या वेळेत आलेले अर्ज रांगेतच असतात. म्हणून ‘सर्व्हर सुरू झाला’ असे कळल्यावर त्याच दिवशी अर्जाची स्थिती बदलली नाही, तर घाबरण्याचे कारण नाही.

कर्नाटकात 2023 साली हे सगळ्यांनी पाहिले. गृहज्योती योजनेची नोंदणी 18 जूनला सुरू झाली आणि गृहलक्ष्मीची 19 जुलैला. दोन्ही योजना राज्यातल्या बहुतेक घरांना लागू होणाऱ्या आणि पहिल्याच दिवसांत सगळे केंद्रांवर गेलेले. सेवासिंधू पोर्टल संथ झाले, पान उघडेना, ओटीपी येईना. हमी योजनांसाठी सेवासिंधूवर वेगळी सोय केलेली होतीच. गृहलक्ष्मीसाठी तर सुरुवातीला कुटुंबांना तारीख, वेळ आणि केंद्र कळवून बोलावण्याची पद्धत ठेवली. उद्देश एवढाच की सगळे डबे एकाच तासात गिरणीवर येऊ नयेत.

गर्दी नेहमी खऱ्या माणसांचीच असते असे नाही. दस्त नोंदणीसाठी कर्नाटकात वापरले जाणारे कावेरी 2.0 पोर्टल जानेवारी 2025 मध्ये अडखळू लागले. तपासात दिसले की बनावट खात्यांवरून लाखो खोट्या विनंत्या पाठवून सर्व्हरला मुद्दाम गुंतवून ठेवले जात होते. राज्याच्या ई-आडळित विभागाने सायबर पोलिसांकडे तक्रार केली. रिकामे डबे रांगेत ठेवून गिरणी अडवण्याचाच हा प्रकार. ज्यांना खरोखर घर-जमिनीचा दस्त नोंदवायचा होता, ते उपनिबंधक कार्यालयाबाहेर बसून राहिले.

आता तुमच्या हातातली एक गोष्ट. पान फिरत राहिले की आपण ‘सबमिट’ पुन्हा पुन्हा दाबतो. प्रत्येक वेळी एक नवी विनंती रांगेत जाते, म्हणजे एकच घर पाच डबे ठेवते. त्याने रांग वाढते. शिवाय एकाच नावाचे दोन अर्ज नोंदले गेले, तर पुढच्या पडताळणीत दोन्ही अडकू शकतात. एकदा दाबा, पाच मिनिटे थांबा, मग आधी ‘अर्जाची स्थिती’ उघडून अर्ज गेला आहे का ते पाहा. अर्ज क्रमांक मिळाला असेल, तर पुन्हा भरू नका.

सर्व्हरच्या खोलीत कोण काय करते?

हे माहीत असणे आवश्यक नाही, पण कळले तर केंद्रचालकाच्या उत्तरांचा अर्थ लावता येतो. तालुक्यातली सरकारी कार्यालये बेंगळुरूतल्या राज्य डेटा सेंटरशी ‘केस्वान’ या सरकारी जाळ्याने जोडलेली आहेत. या जाळ्यातली कोणती जोडणी चालू आहे आणि कोणती तुटली आहे, यावर लक्ष ठेवण्यासाठी एक वेगळा सर्व्हर असतो. तो ठराविक वेळाने प्रत्येक ठिकाणची विचारपूस करतो आणि उत्तर पडद्यावर दाखवतो. हिरवे म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद.

गंमत अशी, की लक्ष ठेवणाऱ्या या सर्व्हरपुढेही काम साचू शकते. हजारो ठिकाणांहून आलेली उत्तरे वाचायला तो मागे पडला, की पडद्यावर दिसते ती अर्ध्या तासापूर्वीची स्थिती. तालुक्यातली लाइन तुटलेली असते आणि बेंगळुरूच्या पडद्यावर ती हिरवीच असते. ‘इथून तर सगळे ठीक दिसते’ असे हेल्पलाइनवरून सांगितले जाते ते दर वेळी टाळाटाळ म्हणून नसते. त्यांच्यासमोरचे चित्रच शिळे असू शकते. म्हणून तक्रार करताना केंद्राचे नाव, गाव, तारीख आणि घड्याळातली वेळ सांगा. नुसते ‘चालत नाही’ म्हटल्यावर शोधायला सुरुवात कुठून करायची हे तिकडच्या माणसाला कळत नाही.

साचलेले काम मोकळे करताना अभियंते तीन-चार गोष्टी पाहतात. डिस्क भरली आहे का. डेटाबेस एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यायला फार वेळ घेतो आहे का. बाहेरची एखादी सेवा, समजा आधार तपासणी किंवा एसएमएस पाठवणारी कंपनी, उत्तर देत नाही म्हणून सगळे तिच्यासाठी खोळंबले आहेत का. आणि रांगेत एखादा असा अर्ज आहे का, जो वाचताना यंत्रणा दर वेळी अडते आणि पुन्हा त्याच्यापाशीच येते. दाण्यात खडा आला की जाते जसे अडते, तसे. असा अर्ज बाजूला काढला की बाकीचे भराभर पुढे जातात. बाजूला काढलेल्या अर्जाचे मात्र कोणीतरी हाताने बघावे लागते. तो अर्ज तुमचा असेल, तर तुम्ही विचारल्याशिवाय तो कदाचित कोणाच्या डोळ्यांपुढे येणारच नाही.

ओटीपी आणि अंगठा

आधारचा ओटीपी 10 मिनिटे चालतो. गर्दीच्या वेळी एसएमएस उशिरा येतो. तोपर्यंत आपण कंटाळून दुसरा ओटीपी मागवतो, आणि नेमका पहिला येऊन पोचतो. तो टाकला की ‘चुकीचा ओटीपी’. मग तिसरा मागवतो. असे तीन-चारदा झाले की काही काळासाठी नवा ओटीपी मिळणेच बंद होते. दुसरा मागवला असेल, तर पहिला विसरा आणि शेवटच्या एसएमएसची वाट पाहा. वेळ शक्य असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा निवडा. केंद्रचालकाला विचारलेत, तर त्याच्याकडे सर्व्हर केव्हा हलका असतो हे तो नक्की सांगेल. ते त्याला आपल्यापेक्षा चांगले माहीत असते.

ओटीपी कधीच येत नसेल, इतर एसएमएस मात्र येत असतील, तर तो सर्व्हरचा दोष नाही. आधारला जुना मोबाइल नंबर जोडलेला असण्याची शक्यता जास्त. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलून घेता येतो. आधारबाबत हेल्पलाइन 1947.

रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर अंगठा ठेवता तेव्हा तो तपासायला आधार प्राधिकरणाच्या यंत्रणेपर्यंत जावा लागतो. तिची डेटा सेंटर बेंगळुरू आणि हरियाणातील मानेसर येथे आहेत. खानापूरच्या दुकानातून निघालेली विनंती मोबाइलच्या सिग्नलवरून, अन्नपुरवठा खात्याच्या सर्व्हरमार्गे तिकडे जाऊन काही सेकंदांत परत यायला हवी. वाटेत कुठेही खोळंबा झाला, तरी मशीनवर चूक दिसते आणि दुकानदार म्हणतो, ‘सर्व्हर नाही.’ कर्नाटकात 2024 साली रेशनची यंत्रणा एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना असेच वाटप रखडले होते.

दोन गोष्टी वेगळ्या करा. दुकानात कोणाचाच अंगठा लागत नसेल, तर जाळे किंवा सर्व्हर. शेजारणीचा लागतो आणि तुमचाच लागत नाही, तर बोटांच्या रेषा झिजल्या असतील किंवा आधारमधले ठसे जुने झाले असतील. शेतकाम, बांधकाम, धुणीभांडी करणाऱ्यांचे आणि वयस्कर माणसांचे हे फार होते. दुसरे बोट लावून पाहा, डोळ्यांचे स्कॅन किंवा ओटीपीची सोय आहे का विचारा, आणि वेळ काढून आधार केंद्रावर ठसे नव्याने द्या.

आणि हे नीट लक्षात ठेवा : अंगठा लागला नाही म्हणून धान्य नाकारता येत नाही. झारखंडमध्ये 2017 साली आधार न जोडल्याने रेशन बंद झालेल्या एका गरीब कुटुंबातील मुलीच्या मृत्यूने देशभर खळबळ उडाली. त्यानंतर केंद्र सरकारने 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यांना लेखी सूचना दिल्या, की नेटवर्क नसणे, ठसे न जुळणे अशा कारणांनी कोणालाही धान्यापासून वंचित ठेवू नये. रेशन कार्ड पाहून धान्य द्यावे आणि त्याची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये ठेवावी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार हक्काचे धान्य मिळाले नाही, तर अन्न सुरक्षा भत्त्याची तरतूद आहे. दुकानदार नाही म्हणाला तर भांडत बसू नका. तारीख लिहून घ्या, तालुक्याच्या अन्न निरीक्षकाकडे जा आणि ‘अपवाद नोंदवही’त नोंद करून धान्य द्या असे सांगा. महिना संपण्याच्या आत जा. महिना उलटला की मागचे धान्य मिळवणे कठीण होते.

‘बाकी’, ‘परिशीलनेयल्लिदे’, ‘तिरस्कृत’

कर्नाटकातल्या पोर्टलवर स्थिती बहुधा कन्नडमध्ये दिसते. शब्द संस्कृतातून आलेले, त्यामुळे मराठी माणसाला ते वाचता येतात आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. ‘स्वीकृती’ म्हणजे पोचपावती. अर्ज मंजूर झाला असे नव्हे. ‘परिशीलने’ म्हणजे पडताळणी. ‘परिशीलनेयल्लिदे’ असे दिसले, तर अर्ज तपासला जात आहे. ‘बाकी’ म्हणजे अजून हात लागलेला नाही. ‘मंजूर’ म्हणजे मंजूर. आणि ‘तिरस्कृत’ हा शब्द मराठी कानाला फार लागतो, पण त्याचा अर्थ एवढाच की अर्ज नामंजूर झाला. अपमान कोणी केलेला नाही. कारण दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो.

यातला महत्त्वाचा फरक ‘बाकी’ आणि ‘परिशीलने’ यांचा. मराठीत आपण दोन्हीला ‘प्रलंबित’ म्हणून टाकतो. पण ‘बाकी’ असेल, तर तुम्ही रांगेत आहात आणि रांग सरकायची आहे. ‘परिशीलने’त अर्ज कोणत्या तरी अधिकाऱ्याच्या लॉगिनमध्ये पोचलेला असतो. तिथे तो महिनाभर पडून असेल, तर सर्व्हरला दोष देऊन उपयोग नाही. कोणाच्या लॉगिनमध्ये आहे ते विचारा आणि त्या टेबलाशी जा. गृहलक्ष्मीसाठी तालुक्याचे बाल विकास योजना अधिकारी, म्हणजे सीडीपीओ कार्यालय. अंगणवाडी सेविकेला हे कार्यालय कुठे आहे ते माहीत असते.

पडताळणीत मराठी नावे अडकण्याचे एक खास कारण आहे. रेशन कार्डावर नाव कन्नडमध्ये, आधारवर कन्नड किंवा मराठी आणि इंग्रजी, बँकेत फक्त इंग्रजी. कन्नड पद्धतीने इंग्रजी लिहिताना ‘त’ साठी ‘टीएच’ वापरतात, मराठी पद्धतीने नुसता ‘टी’. योजनेच्या नावातली ‘ज्योती’ इंग्रजीत ‘टीएच’ने लिहितात, तर आपल्या घरातली ज्योती शाळेच्या दाखल्यावर ‘टी’ने असते. सावित्री, भारती, मालती, लता, सगळ्यांची हीच कथा. ‘लक्ष्मी’ तर कोणी ‘एक्स’ने लिहितो, कोणी ‘केएसएच’ने. त्यात एका कागदावर माहेरचे आडनाव, दुसऱ्यावर सासरचे, तिसऱ्यावर आडनावच नाही, नुसते आद्याक्षर. माणसाला ते एकच नाव दिसते, यंत्राला तीन वेगळ्या बायका दिसतात. अर्ज करण्याआधी आधार, रेशन कार्ड आणि पासबुक एकाशेजारी एक ठेवून इंग्रजी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल, तर आधारवरचे नाव प्रमाण धरून बाकीचे दोन्ही बदलून घेणे बहुतेकांना सोपे जाते.

गृहलक्ष्मीचा हप्ता रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव आहे, तिलाच मिळतो. कार्डावर अजून सासऱ्यांचे किंवा नवऱ्याचे नाव प्रमुख म्हणून असेल, तर ते आधी बदलावे लागते. ती स्त्री किंवा तिचा नवरा आयकर भरणारा किंवा जीएसटी विवरण देणारा असेल, तर योजना लागू होत नाही. कधी कधी कोणताही कर न भरणाऱ्या घरावरही करदाता म्हणून शिक्का बसतो. असे कारण दिसले, तर सीडीपीओ कार्यालयात लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हा दोष थांबून सुटत नाही.

मंजूर झाले, पण पैसे आले नाहीत

सर्वाधिक प्रश्न याचेच असतात, म्हणून येथे जरा सविस्तर.

मंजुरीनंतर खाते लाभार्थ्यांची यादी तयार करून एकगठ्ठा बँकिंग यंत्रणेकडे पाठवते. यादीतल्या प्रत्येक आधार क्रमांकासाठी ‘हा कोणत्या बँकेचा’ हे एका राष्ट्रीय नोंदीत पाहिले जाते. ही नोंद भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ, म्हणजे एनपीसीआय, ठेवते. या नोंदीत तुमचा खाते क्रमांक नसतो. तिथे फक्त बँकेचे नाव असते, आणि तेही तुम्ही शेवटी ज्या बँकेत आधार जोडले तिचे. पैसे त्या बँकेकडे जातात आणि तुमच्या कोणत्या खात्यात जमा करायचे ते बँक ठरवते. म्हणून अर्जात तुम्ही एका बँकेचे पासबुक जोडलेले असते आणि पैसे भलत्याच, गावच्या जुन्या खात्यात जाऊन पडलेले असतात. ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी घरातली सगळी पासबुके भरून घ्यावीत. कपाटातल्या विसरलेल्या खात्यातही बघा.

तुमची नोंद कोणत्या बँकेची आहे हे आधार प्राधिकरणाच्या ‘माय आधार’ पोर्टलवर ‘बँक सीडिंग स्टेटस’ या ठिकाणी दिसते. तिथे बँकेचे नाव आणि नोंद चालू आहे की बंद ते लिहिलेले असते. मोबाइल नसेल, तर बँकेत जाऊन विचारा. प्रश्न मात्र नेमका विचारा. ‘खात्याला आधार लावले आहे का?’ असे विचारले तर ‘हो’ म्हणतील, कारण केवायसीसाठी आधारची झेरॉक्स घेतलेली असते. ‘एनपीसीआयला माझे आधार या बँकेत सीड आहे का आणि चालू आहे का?’ असे विचारा. केवायसी आणि सीडिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि असंख्य हप्ते याच एका फरकात अडकतात. जुन्या खात्याचा त्रास फारच होत असेल, तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत आधारशी जोडलेले खाते उघडण्याचा मार्गही आहे.

जुलै 2023 मध्ये अन्नभाग्य योजनेत 5 किलो जादा तांदळाऐवजी किलोला 34 रुपयांप्रमाणे माणशी 170 रुपये देण्यास सुरुवात झाली, तेव्हा हेच दिसून आले. रेशन कार्ड चालू, कुटुंब पात्र, पैसेही सुटलेले. पण कुटुंबप्रमुखाचे खाते आधारशी जोडलेले नाही म्हणून रक्कम पोचत नव्हती. फेब्रुवारी 2025 पासून पैशांऐवजी पुन्हा तांदूळ देण्याचे ठरले.

आता रांग की दोष, हे ओळखण्याची खूण. शेजारच्या चार-पाच घरांत विचारा. कोणालाच या महिन्याचा हप्ता आला नसेल, तर यादी किंवा निधीच वरून निघालेला नाही. गृहलक्ष्मीचे हप्ते असे अनेकदा उशिरा आले आहेत आणि नंतर एकदम दोन-दोन जमा झाले आहेत. तेव्हा सर्व्हर किंवा बँक यांच्या मागे धावून रोजगार बुडवू नका. इतरांना आला आणि तुम्हालाच नाही, तर एक महिनाही थांबू नका. ‘डीबीटी कर्नाटक’ या मोबाइल ॲपवर आधारच्या ओटीपीने लॉगिन करून कोणत्या योजनेचे किती पैसे कोणत्या तारखेला पाठवले ते पाहता येते. पैसे पाठवले आहेत पण परत गेले आहेत असे असेल, तर त्याचे कारण विचारून घ्या. ‘आधार मॅप नाही’, ‘खाते बंद’ अशी कारणे बँकेत सुटतात. तिथे नोंदच दिसत नसेल, तर काम सीडीपीओ कार्यालयात आहे.

परत गेलेली रक्कम खाते दुरुस्त केल्यावर आपोआप येईलच असे धरून चालू नका. दुरुस्तीनंतर मागचे हप्ते पुन्हा पाठवण्याची लेखी विनंती करा.

मुदत आणि पोचपावती

सर्व्हरमुळे नोंदणी रखडली तर सरकार मुदत वाढवते, हा अनुभव आहे. महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’च्या ई-केवायसीला सप्टेंबर 2025 मध्ये सुरुवात झाली. ओटीपी येत नसल्याच्या तक्रारी आल्या आणि 18 नोव्हेंबरची मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवण्यात आली. पण मुदत वाढेल या भरवशावर राहू नये, कारण शेवटच्या दोन दिवसांत रांग सर्वांत मोठी असते.

मुदतीच्या आत केंद्रावर गेलात आणि काम झाले नाही, तर त्याचा पुरावा ठेवा. मोबाइलवर पडद्याचा फोटो घ्या. त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. केंद्रावर टोकन मिळत असेल तर ते फाडू नका. दाखल्यांच्या बाबतीत, म्हणजे उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला, कर्नाटकात ‘सकाल’ची सोय आहे. 2011 च्या सेवा हमी कायद्याने प्रत्येक सेवेला दिवस ठरवून दिले आहेत, आणि पोचपावतीवर 15 आकडी जीएससी क्रमांक असतो. दिवस उलटले, तर त्या क्रमांकावर अपील करता येते आणि दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये भरपाईची तरतूद आहे. रक्कम छोटी आहे. पण अपील झाले की अर्ज कोणाच्या टेबलावर का थांबला हे त्या अधिकाऱ्याला सांगावे लागते, आणि खरा उपयोग तोच. पोचपावतीवर हा क्रमांक नसेल, तर तो मागा.

सर्व्हर डाऊन असताना ‘आतून करून देतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात. गृहलक्ष्मीची नोंदणी मोफत आहे. बंद सर्व्हर कोणालाही आतून चालू नसतो. अशा माणसाला आधार क्रमांक आणि ओटीपी दिलात, तर नुसता हप्ता नाही, खातेही जाऊ शकते.

तक्रार कशी सांगायची?

कर्नाटक सरकारच्या तक्रार निवारणासाठी 1902 हा क्रमांक आहे, गृहज्योतीच्या विजेच्या प्रश्नांसाठी 1912. फोन करताना कन्नड येणारे कोणी शेजारी बसवले तर बरे. शाळेत जाणारी मुलगी असेल तर तिच्याइतके चांगले दुभाषी नाही. पण मजकूर आधी आपल्या भाषेत कागदावर लिहा. साधारण असा :

‘माझा गृहलक्ष्मीचा अर्ज क्रमांक अमुक. पोचपावतीची तारीख अमुक. रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख मीच आहे. आधार अमुक बँकेत सीड असून नोंद चालू आहे, हे मी अमुक तारखेला तपासले. पोर्टलवर स्थिती मंजूर दिसते. आमच्या गल्लीत इतरांना अमुक महिन्याचा हप्ता आला, मला आला नाही. माझी रक्कम पाठवली होती का, परत गेली असल्यास कोणत्या कारणाने, आणि आता अर्ज कोणत्या कार्यालयाकडे आहे, हे कळवावे.’

शेवटचे तीन प्रश्न वगळू नका. ‘पैसे आले नाहीत’ या तक्रारीला ‘प्रक्रिया सुरू आहे’ असे उत्तर देऊन ती बंद करता येते. कारण आणि कार्यालय विचारले, की कोणालातरी नोंद उघडून पाहावीच लागते. आधार क्रमांक पूर्ण सांगण्याची गरज नाही, शेवटचे चार आकडे पुरतात. ओटीपी तर हेल्पलाइनलाही देऊ नका. आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घेतल्याशिवाय फोन ठेवू नका.